चीज कोणाची?

अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या एका ढिगात काही वर्षांपूर्वी मला पंडित भातखंड्यांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'चा एक सुटा भाग सापडला. पुठ्ठा गेलेला, पहिली चार पाने वाळवीने खाल्लेली. मला गाता येत नाही. लहानपणी दोन पावसाळे एका क्लासात पेटीपुढे बसून सरगम घोटली, तेवढीच माझी संगीतातली पुंजी. तरी ते पुस्तक मी घेतले, आणि तेही घासाघीस न करता. कारण त्यातल्या पानापानावर समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेले होते.

लिहिणारा कोण ते कळायला मार्ग नाही. अक्षर जुन्या वळणाचे, बोरूची सवय असलेल्या हाताचे. एका चिजेपाशी लिहिले होते, 'आमच्यात असे नाही.' दुसऱ्या एका ठिकाणी, 'अंतरा अर्धाच.' एके जागी कोमल स्वराखालची रेघ खोडून पुन्हा काढलेली, पुन्हा खोडलेली. आणि शेवटाकडच्या एका पानावर, छापील स्वरांच्या ओळींच्या डोक्यावर, कागद फाटेल इतक्या जोराने दोन शब्द उमटवलेले होते: 'ही आमची.'

त्या दोन शब्दांनी मला बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही. रागाने लिहिले असतील की अभिमानाने? आपल्या घरची वस्तू परक्याच्या दारात दिसली म्हणजे माणूस असे म्हणतो. आणि आपल्या मुलाचे नाव परीक्षेच्या निकालात छापून आले म्हणजेही असेच म्हणतो. या पेन्सिलवाल्याला यातले काय वाटले असेल?

विष्णु नारायण भातखंडे यांचे चरित्र पुष्कळांना ठाऊक आहे. मी थोडक्यात सांगतो. जन्म मुंबईत वाळकेश्वरी, १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीचा. एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए., मग एल्‌एल. बी., काही काळ कराचीत आणि पुढे मुंबईत वकिली. गाण्याची ओढ पहिल्यापासूनची. मुंबईच्या गायनोत्तेजक मंडळीत त्यांनी ध्रुपदे ऐकली, शिकली, ख्याल शिकले, सतार शिकली. चाळिशीच्या सुमारास पत्नी गेली आणि मागोमाग एकुलती मुलगी गेली. त्यानंतर या गृहस्थाने वकिलीचा गाशा गुंडाळला आणि प्रवासाला सुरुवात केली. १९०४ साली दक्षिण, १९०७ साली नागपूर, हैदराबाद, कलकत्ता, पुढे प्रयाग, काशी, लखनौ असा सगळा उत्तरेचा मुलूख. जिथे ग्रंथ असेल तिथे ग्रंथ उतरवून घ्यायचा आणि जिथे गवई असेल तिथे गवयाकडून चीज.

कलकत्त्यास ते राजा शौरींद्रमोहन टागोरांना भेटले. ही भेट मला फार बोलकी वाटते. कारण महाराष्ट्रातला हा वकील जे करू पाहत होता, त्याची सुरुवात बंगालात आधीच झालेली होती. क्षेत्रमोहन गोस्वामी आणि त्यांचे शिष्य शौरींद्रमोहन यांनी १८७० च्या आसपास स्वरलिपीची पुस्तके काढली. शौरींद्रमोहनांनी १८७१ मध्ये संगीताची शाळा काढली. इकडे बडोद्यात मौलाबक्ष घिस्से खाँ यांनी स्वतःची स्वरलिपी रचली आणि १८८६ साली सरकारी गायनशाळा चालवायला घेतली. मौलाबक्षांचे नाव मी मुद्दाम घेतो. सगळे उस्ताद विद्या लपवीत आणि सगळे पंडित ती वाटीत, असे जे आपल्याकडे ऐटीत बोलले जाते, ते खरे नाही.

भातखंड्यांनी मात्र या कामाला जी व्याप्ती दिली ती दुसऱ्या कोणाला साधली नाही. शेकडो रागांची दहा थाटांत मांडणी केली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली बिंदू आणि तारस्वराला वर बिंदू, समेला फुली आणि खालीला शून्य, अशी शाळकरी मुलाला एका दुपारी समजावी इतकी सोपी लिपी बसवली. मराठीत 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा चार भागांचा ग्रंथ गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने लिहिला. आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत सुमारे १८०० चिजा स्वरांसकट छापून टाकल्या. १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली, १९१८ साली ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय उभे राहिले, १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज. त्या कॉलेजाचे आज त्यांच्याच नावाचे विद्यापीठ झाले आहे. १९३३ पासून अर्धांगाने अंथरुणाला खिळले आणि १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीला, गेले.

हे झाले चरित्र. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या अठराशे चिजा कोणाच्या होत्या?

गवयाच्या घरात चीज म्हणजे काय होती, हे आपण पुस्तके विकत घेणारी माणसे विसरून गेलो आहोत. शेतकऱ्याचे शेत आणि सोनाराचे सोने तशी गवयाची चीज. मुलीच्या लग्नात जावयाला हुंड्यात चिजा दिल्याच्या कथा आपण मजेने सांगतो. पण ज्याच्याजवळ जमीन नाही, घर नाही, दरबारचा तनखा राजाच्या लहरीवर, त्याने दुसरे काय द्यावे? गंडा बांधून वर्षानुवर्षे शागीर्द घरात राबे, पाणी भरी, चिलीम भरी. आणि एखाद्या पहाटे उस्तादाची मर्जी लागली तर एका अस्ताईचा मुखडा पदरात पडे. अंतऱ्यासाठी आणखी सहा महिने. हा कंजूषपणा होता, यात शंका नाही. परंतु ज्याची सारी इस्टेट गळ्यात आहे तो गळा आवळूनच धरणार.

अशा घरात कोट-पगडीतला एक वकील येतो. त्याला संस्कृत येते, इंग्रजी येते, राजेरजवाड्यांची पत्रे त्याच्या खिशात असतात. रामपूरला नवाब हमीद अली खाँ यांचे शिष्यत्व त्याने पत्करले, आणि नवाबाच्या शब्दाखातर वझीर खाँसारख्या बीनकाराच्या घराण्यातला ठेवा त्याच्यापुढे उघडा झाला. जयपूरच्या महंमद अली खाँ कोठीवाल यांच्या घरातून मनरंग घराण्याच्या शेकडो चिजा त्याच्या वह्यांत आल्या. नवाब सांगतो तेव्हा दरबारचा गवई 'नाही' कसे म्हणणार? वकिलाने दरोडा घातला असे मी म्हणत नाही. त्याने अदब राखली, गुरूला गुरू म्हटले, द्यायचे ते दिले. तरी देणारा आणि घेणारा एका पायरीवर उभे नव्हते एवढे दिसतेच. शिवाय हाच गृहस्थ आपल्या लिखाणात उस्तादांना शास्त्र कळत नाही, ते निरक्षर आहेत, असे पुन्हापुन्हा म्हणतो. माझ्या नावामागे पदवीचे शेपूट नाही; शाळा संपली तिथेच माझे शिक्षणही संपले. म्हणून असेल, पण ही वाक्ये वाचताना मी नकळत उस्तादांच्या बाकावर जाऊन बसतो.

आणि तरीही मी भातखंड्यांच्याच बाजूचा आहे, हेही सांगून टाकतो. मी शाळामास्तर. एका वर्गात साठ पोरे. मला जे येते ते साठांना द्यायचे, त्यातला कोण लायक आणि कोण नालायक हे विचारायचे नाही, असा माझा धंदा. एका गळ्यातली विद्या त्या गळ्याबरोबर सरणावर जाते. प्लेगच्या आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत या देशात किती गळे गेले असतील त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. त्यांच्याबरोबर गेलेल्या चिजांचा तर नाहीच नाही. सदाशिव पेठेतल्या एखाद्या कारकुनाच्या मुलीला यमनची चीज मिळावी यासाठी कोणी तरी उस्तादाच्या कुलपाला हात घालायलाच हवा होता.

पुण्यात हीच गोष्ट निराळ्या दाराने आली. गायन समाज येथे १८७४ सालीच निघाला होता; पण मी म्हणतो ते दार भास्करबुवा बखल्यांचे. बुवांनी फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्या पायाशी वर्षानुवर्षे घालवली. १९११ मध्ये त्यांनी पुण्यात भारत गायन समाज काढला आणि १९२२ साली ते येथेच वारले. त्यांचे शिष्य मास्टर कृष्णराव यांनी पुढे 'रागसंग्रहा'चे भाग स्वरलिपीसह प्रसिद्ध केले. विष्णु दिगंबरांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन यांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि 'रागविज्ञाना'चे सात भाग लिहिले. येथे छापणारा हा घरचा शिष्य. तो तालमीतून आला, चिलीम भरून आला. तेव्हा पुणेकराला वाटते, आपले दार सोज्ज्वळ. मुंबईचा वकील मात्र मागील दाराने गेला.

मलाही असेच वाटे. मग मनात आले की नत्थन खाँनी जे दिले ते भास्करला दिले होते. भास्करच्या शिष्याच्या पुस्तकाच्या गिऱ्हाइकाला नव्हे. सेवेने शिष्याला गाण्याचा हक्क मिळतो. वाटण्याचा मिळतो का? बापाने मुलाला शेत दिले म्हणून ते गावाला खुले झाले असे होत नाही. म्हणजे शिष्याने छापले काय आणि वकिलाने छापले काय, मूळ गाठ तिथेच राहते: विश्वासाने एकाला दिलेली वस्तू दुसऱ्याला देताना विचारायचे कोणाला? आज तर क्लासातली मुलगी बाईंच्या समोर मोबाइल ठेवते आणि घरी जाताना रिक्षात तीच तालीम कानाला लावते. बाईंना ती विचारते की नाही, मला माहीत नाही.

पेन्सिलवाल्याच्या रागाचे (मी तो रागच धरून चालतो) एक कारण मला पुस्तक चाळताना सापडले. चिजेच्या डोक्यावर रागाचे नाव आहे, तालाचे आहे, लय सांगितली आहे. ती कोणाच्या मुखातून आली, ते मात्र नाही. रामपूरचे की जयपूरचे की ग्वाल्हेरचे, पानावर सगळे सारखे. जिच्यासाठी कोणी सहा महिने पाणी भरले ती अस्ताई शेजारच्या पानावरल्या लक्षणगीताशेजारी निमूट बसलेली. 'ही आमची' हे शब्द म्हणून लिहावे लागले. छापणाऱ्याने ते छापले असते तर पेन्सिलीची गरज नव्हती.

मी हे एका जाणत्या गृहस्थांपाशी बोललो तेव्हा ते हसून म्हणाले, "अहो, त्यांनी स्वतःचे तरी नाव कुठे घातले?" आणि हे खरेच आहे. 'श्रीमल्लक्ष्यसंगीत' हा त्यांचा संस्कृत ग्रंथ चतुरपंडित या नावाने निघाला. दुसरे लिखाण विष्णुशर्मा या नावाने. स्वतः बांधलेल्या चिजांत 'चतुर' अशी मुद्रा. ज्याने दुसऱ्यांची नावे गाळली त्याने आपलेही गाळले. चोर असा नसतो. चोर आधी वस्तूवरचे नाव घासून काढतो हे खरे, पण मग तिथे आपले कोरतो.

या विचाराने माझे काही दिवस समाधान झाले. मग त्यातही खडा लागला. मराठी ग्रंथात गुरू शिष्याला समजावताना चतुरपंडिताच्या मताचा आधार देतो, जणू हा कोणी तिसरा, जुना, मान्य आचार्य. म्हणजे लेखक स्वतःच्या म्हणण्याला स्वतःचीच साक्ष काढतो आणि वाचकाला ते कळू देत नाही. नाव झाकण्यात नम्रता असते तशी सोयही असते. वकिलाची जात पुरती गेली नव्हती म्हणायची! मोठ्या माणसाच्या अंगच्या या खोडीने मला तो अधिक जवळचा वाटला, हेही खोटे नाही.

त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मात्र मला या सगळ्या वादाहून मोलाची वाटते. श्रीकृष्ण रातंजनकर हा त्यांचा लाडका शिष्य, पुढे मॅरिस कॉलेजचा प्राचार्य झालेला. त्या मुलाला खरे गवई करायची वेळ आली तेव्हा भातखंड्यांनी त्याच्या हाती आपली पुस्तके देऊन भागवले नाही. त्याला बडोद्याला आफताब-ए-मौसिकी फैयाज खाँ यांच्याकडे शिकायला धाडले. ज्याने सगळी कुलपे उघडली त्याने आपला उत्तम विद्यार्थी पुन्हा उस्तादाच्या उंबऱ्यावर नेऊन बसवला. रेघा आणि बिंदू यांच्यात जे मावत नाही ते कुठे राहते, हे त्यांना पुरते ठाऊक होते. मग उस्तादांचे नेमके गेले काय? गाणे गेले नाही. ते गळ्यातच राहिले. गेले ते नाव, आणि 'देईन, नाही तर देणार नाही' असे म्हणण्याची मुखत्यारी.

मी या प्रश्नाला इतका का चिकटलो, ते आता सांगायला हवे.

मी कादंबऱ्या लिहितो. माझ्या एका कादंबरीतला एक प्रसंग वाचकांना आवडला, परीक्षणांत त्याचे नाव निघाले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर गेलेली एक बाई आपल्या वाटची सुकडी पदराला बांधून पोरांसाठी घरी आणते. आणि एक दिवस पोर तापाने फणफणले असता शेजारणीच्या लेकराच्या वाटची सुकडी चोरते. शेजारीण ओळखते. बोलत नाही. दुसऱ्या दिवशी दोघी एकाच ढिगावर खडी फोडतात. 'लेखकाने कल्पनेने केवढे भेदक चित्र उभे केले आहे' असे एकाने लिहिले. मी ते कात्रण जपून ठेवले आहे.

कल्पना कसली! ती बाई आमच्या शाळेच्या शिपाईमामांची आई. मधल्या सुट्टीत चहा घेताना, पाऊस पडत असताना, मामांनी ती हकीकत मला एकट्याला सांगितली होती. त्यांनी ती सांगितली कारण मी ऐकणारा माणूस होतो. मी ती ऐकली, घरी आलो, आणि त्याच रात्री वहीत उतरवून ठेवली. गाव बदलले, बाईचे नाव बदलले. आपण फार सभ्यपणे वागलो असे मला वाटले. मामांना विचारावे हे सुचले नाही असे म्हणणे सोयीचे आहे, सुचले होते. ते 'नको' म्हणतील अशी भीती होती, म्हणून विचारले नाही. रामपूरच्या नवाबाचे पत्र माझ्या खिशात नव्हते. पण मी गुरुजी होतो आणि ते मामा होते, तेवढे पुरे होते.

पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात आले. ग्रंथालय झाडायचे काम मामांचेच. एके दिवशी ते माझ्यापाशी येऊन उभे राहिले.

"गुरुजी, पुस्तकात माझी आई आहे."

मी काही तरी बोललो. साहित्य, दुष्काळ, सगळ्यांचीच आई, असले काहीसे. ते ऐकत होते. मग म्हणाले, "चांगलं लिवलंय. मी दोनदा वाचलं."

मला धीर आला. मी म्हणालो, "मामा, दुसरी आवृत्ती निघाली तर पहिल्या पानावर आईंचे नाव घालू. ही हकीकत त्यांची, असे स्पष्ट लिहू." मला खरोखर वाटत होते की हाच न्याय. भातखंड्यांकडे मी जे मागत होतो, ते मी स्वतः देऊ करत होतो.

मामांचा चेहरा उतरला. "नको, गुरुजी. ती शेजारीण अजून हाय गावात. तिची नातवंडं हायेत. आई गेली, पण नाव हाय तिचं."

ज्या गवयाचे नाव गाळले त्याचा घास गेला. आणि या बाईचे नाव घातले असते तर तिची अब्रू गेली असती. मी जे न्याय म्हणून पुढे केले होते तेही मी त्यांना न विचारताच ठरवले होते. भातखंड्यांच्या पानावर नाव असते तर तो पेन्सिलवाला संतुष्ट झाला असता, हेही मीच गृहीत धरले आहे. कोणास ठाऊक, त्याला चीज छापलेलीच नको असेल.

"मग काय करू, मामा?" मी विचारले.

ते बराच वेळ पुस्तकाच्या कपाटाकडे बघत राहिले. "आता काय करताय?" ते म्हणाले. त्यात राग नव्हता. खरोखरीचा प्रश्न होता. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि घंटा द्यायला गेले. माझा सातवीवर तास होता.

दुसरी आवृत्ती अजून निघालेली नाही. मामा निवृत्त होऊन गावी गेले. क्रमिक पुस्तकाचा तो भाग माझ्या टेबलावर आहे, आणि मधून मधून मी ते शेवटाकडचे पान काढून, पेन्सिल जिथे कागदात रुतली आहे तिथे बोट फिरवून बघतो.